उज्जाचा हात आणि नवी गाडी

सांगली, रविवार रात्री

बायबल वर्गात २ शमुवेल ६ वाचला की एकच प्रश्न येतो: राजा दावीद देवाच्या कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, नव्या बैलगाडीवरून यरुशलेमला नेत होता. बैल अडखळले, कोश पडू नये म्हणून गाडी हाकणाऱ्या उज्जाने हात लावला, तर एवढी मोठी शिक्षा, जागीच मृत्यू? तो अध्याय एकटाच वाचला तर उत्तर मिळत नाही. आधी निर्गम २५, गणना ४ व ७ आणि नंतर १ इतिहास १५ वाचावा लागतो.

कोश बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, सोन्याने मढवलेला. त्याला सोन्याच्या चार कड्या, कड्यांत दांडे, आणि ते दांडे कधीच काढायचे नाहीत अशी आज्ञा. अरण्यात इस्राएलची छावणी हलताना याजक अहरोन व त्याचे मुलगे आधी कोश पडद्याने झाकत, त्यावर कातड्याचे आच्छादन व निळे कापड घालत. मगच कहाथी, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातले एक घराणे, तो उचलायला येत. पवित्र वस्तूंना त्यांनी शिवायचे नाही, शिवले तर मरतील, हे गणना ४:१५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. सरदारांनी ६ गाड्या व १२ बैल आणले, तेव्हा मोशेने लेवींच्या दुसऱ्या दोन घराण्यांपैकी गेर्षोनींना २ गाड्या दिल्या, मरारींना ४. कहाथींना एकही नाही, कारण त्यांचे ओझे खांद्यावरचे होते.

मग दावीदाच्या मिरवणुकीत गाडी आली कुठून? असा प्रकार आधी इस्राएलच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, हस्तगत केलेला कोश परत पाठवताना केला होता. नवी गाडी, दोन दुभत्या गाई, आणि कोश बेथ-शेमेशला पोहोचला. त्यांच्याकडे मोशेचे नियमशास्त्र नव्हते. दावीदाकडे होते. ३०,००० निवडक माणसे, वीणा, डफ, झांजा, सगळा उत्साह खरा होता, त्यात खोट नव्हती. पण कोश कसा न्यायचा हे कोणी लेवींना विचारले नाही. गळिताच्या हंगामात आपल्याकडे उसाची बैलगाडी खड्ड्यात हिसका खाते, तेव्हा सोबतच्या माणसाचा हात आपोआप मोळीकडे जातो. गाडीवर ठेवलेल्या कोशाचेही तेच होणार होते. खांद्यावर दांडे असते तर सावरणारा हात दांड्यालाच लागला असता. म्हणून मला वाटते, आज्ञाभंग नाखोनाच्या खळ्यावर, म्हणजे उज्जाचा हात लागला तिथे, झाला नाही. गाडी जुंपली तेव्हाच तो झाला होता.

दावीद रागावला, घाबरला, आणि कोश तीन महिने ओबेद-अदोम नावाच्या माणसाच्या घरी राहिला. तिथे त्याच कोशामुळे घराला आशीर्वाद मिळाला! पुढे दावीदाने सादोक व अब्याथार हे याजक आणि लेवींच्या प्रमुखांना बोलावून आधी शुद्ध व्हायला सांगितले. त्याची कबुली १ इतिहास १५:१३ मध्ये आहे: पहिल्या वेळी तुम्ही कोश वाहिला नाही, आणि आम्ही विधीप्रमाणे देवाला शरण गेलो नाही. ‘आम्ही’ म्हणताना त्याने उज्जावर सगळा दोष ढकलला नाही. राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतः लिहून घ्यावी आणि आयुष्यभर वाचावी, असे अनुवाद १७:१८-१९ सांगते. ते यासाठीच.

मात्र या अध्यायाचा दुरुपयोगही होतो. कृष्णेला २०१९ मध्ये महापूर आला. असे संकट पाहून कोणत्या घराचे काय पाप, अशी चर्चा करणे येशूने लूक १३ मध्ये थांबवले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतर यरुशलेमकरांपेक्षा अपराधी नव्हते. सगळ्यांनीच पश्चात्ताप करावा, असे तो म्हणाला. उज्जाच्या बाबतीत आज्ञा आधीच लिहिलेली होती, शिक्षाही सांगितलेली होती. ज्या दुःखामागे अशी आज्ञा दाखवता येत नाही, त्याला शिक्षा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या वर्गात १ इतिहास १३ आणि १५ शेजारी ठेवायचे. पहिल्यात दावीद सहस्रपतींचा आणि शताधिपतींचा सल्ला घेतो आणि सगळ्या मंडळीला ते योग्य वाटते. दुसऱ्यात तो मोशेचे वचन पाहतो. हा फरक वर्गाला स्वतः शोधू द्यायचा, आपण आधी सांगायचा नाही.