तुम्ही विचारलंत म्हणून : संगणकात आलेला एआय सहायक बंद कसा करायचा?

संगणकात न मागता आलेला एआय सहायक बंद कसा करायचा आणि तो बंद केल्यावर संगणकाचे काही बिघडेल का, हे दोन प्रश्न मला नेहमी एकापाठोपाठ विचारले जातात. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. काहीही बिघडत नाही. फायली उघडतात, छपाई होते, इंटरनेट चालते, कारण विंडोजचे किंवा मॅकचे कोणतेही मूळ काम या सहायकावर अवलंबून नाही. पहिल्याला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागते, कारण चिन्ह लपवणे, सुविधा थांबवणे आणि प्रोग्राम काढून टाकणे ही तीन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिले केले की तिसरेही झाले असे पुष्कळांना वाटते.

विंडोज 11 मध्ये कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय सहायक, सप्टेंबर 2023 च्या अखेरीस येऊ लागला. त्या वेळी तो पडद्याच्या उजव्या कडेला उघडणारा, विंडोजमध्येच गुंफलेला भाग होता. टास्कबारवरचे त्याचे चिन्ह सेटिंग्जमधून लपवता येत असे, पण त्याला खरोखर थांबवायचे तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवण्याच्या खास सोयीत, ‘टर्न ऑफ विंडोज कोपायलट’ हा पर्याय लावावा लागे किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, तशी नोंद करावी लागे. 2024 मध्ये कोपायलटचे साध्या ॲपमध्ये रूपांतर झाले आणि या नव्या ॲपला ती जुनी पॉलिसी लागू होत नाही. तरीही आजपर्यंत लोक एकमेकांना जी युक्ती सांगतात ती बहुधा त्या जुन्या काळातली असते. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर मुळातच नसल्यामुळे अनेक जण नसलेली खिडकी शोधण्यात वेळ घालवतात. आता करायचे काम त्याहून सोपे आहे. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडावे, यादीत कोपायलट शोधावा, त्याच्यापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ निवडावे.

मात्र हे केल्यावर वर्डमधला कोपायलट तसाच राहतो, कारण तो वेगळा आहे. त्यासाठी वर्डमध्ये फाईल, मग ऑप्शन्स, मग कोपायलट या क्रमाने जाऊन ‘एनेबल कोपायलट’ची खूण काढावी लागते, आणि एक्सेल व पॉवरपॉइंटमध्ये हेच पुन्हा करावे लागते. नोटपॅडच्या सेटिंग्जमध्ये आणखी एक स्वतंत्र बटण आहे, एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये आणखी निराळे. एकाच नावाच्या गोष्टीला एकच मुख्य बटण असावे ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते, पण आज तशी सोय नाही.

‘नको असेल तर दुर्लक्ष करा’ असा सल्ला देणाऱ्यांनी कीबोर्डकडे जरूर पाहावे. जानेवारी 2024 मध्ये कोपायलटसाठी स्वतंत्र कळ जाहीर झाली आणि नव्या लॅपटॉपांवर तिने कुठे उजव्या कंट्रोलची, तर कुठे मेनूच्या (राइट क्लिकचा मेनू उघडणाऱ्या) कळीची जागा घेतली. ज्यांची बोटे वर्षानुवर्षे त्या जागेवर कंट्रोल शोधत आली आहेत, त्यांच्यापुढे ऐन लिहिण्याच्या भरात वेगळीच खिडकी येऊन उभी राहते. माऊस न वापरता सारे काम कीबोर्डवर करणाऱ्यांना, विशेषतः स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आधाराने काम करणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना, मेनूची कळ ही रोजच्या गरजेची गोष्ट आहे. त्यांनी शिफ्ट आणि एफ10 या दोन कळा एकत्र दाबल्या तर तोच मेनू उघडतो. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन आणि त्याखाली टेक्स्ट इनपुट येथे कोपायलटची कळ शोधाच्या खिडकीला जोडता येते. तिला पुन्हा कंट्रोल करायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत साधनाची मदत घ्यावी.

सर्वांत जास्त भीती विंडोजच्या ‘रिकॉल’ या सुविधेची वाटते, आणि तिच्यात भलती भीती किती व खरी किती हे वेगळे करून सांगितले पाहिजे. ही सुविधा दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून संगणकातच साठवते, म्हणजे पूर्वी पाहिलेले पुढे शोधता येते. मे 2024 मध्ये ती जाहीर झाली तेव्हा साठवलेली माहिती पुरेशी सुरक्षित नसल्याचे सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवून दिले, तिचे प्रकाशन लांबले आणि अखेर एप्रिल 2025 मध्ये ती वापरासाठी आली ती माहिती कूटबद्ध करून आणि वापरणाऱ्याच्या संमतीनेच सुरू होईल अशा रूपात. ती फक्त ‘कोपायलट प्लस पीसी’ या, एआयसाठी खास चिप असलेल्या, वर्गातल्या संगणकांवर चालते, त्यामुळे मला विचारणाऱ्या बहुतेकांच्या यंत्रात ती नसतेच. असेल, तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीतून तिची खूण काढून ती हटवता येते. वकील, डॉक्टर, समुपदेशक अशांनी ती हटवावीच असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या पडद्यावर जे असते ते दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले असते, आणि त्या दुसऱ्या माणसाची संमती कोणीच घेतलेली नसते. सिग्नल या संदेश-ॲपने मे 2025 मध्ये विंडोज 11 वर आपल्या खिडकीचे चित्र घेतले जाणार नाही अशी व्यवस्था मुळातच चालू ठेवली, ती याच काळजीपोटी.

मॅकवर हे काम थोडक्यात होते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ॲपल इंटेलिजन्स अँड सिरी’ उघडून वरचे बटण बंद करावे.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. एका झटक्यात सारे एआय उपटून काढण्याचा दावा करणाऱ्या तयार स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फायली, मिळतात. त्या प्रशासकाच्या पूर्ण अधिकारानिशी चालतात, काय काय पुसतात हे सामान्य माणसाला वाचून कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला लागणारा भागही त्यांत जाऊ शकतो. आपल्या यंत्रावर ताबा राहावा म्हणून अनोळखी माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या देणे मला पटत नाही. त्यापेक्षा प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी आणि वर्डचे ऑप्शन्स एकदा नजरेखालून घालावेत. पुढे कधी विचार बदलला, तर कोपायलट मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पुन्हा घेता येतो.