रेप्लिकाच्या गळतीचा छडा लागला

आपण रेडिससारखा, नाव (की) आणि व्हॅल्यूच्या जोड्या मेमरीत ठेवणारा सर्व्हर लिहितो आहोत. प्रायमरी ही मूळ प्रोसेस, रेप्लिका ही तिची नक्कल, आणि प्रायमरीवरचे बदल कमांडच्या स्ट्रीममधून रेप्लिकाकडे जातात. मागच्या नोंदीतला बॅकलॉगचा, म्हणजे अलीकडच्या कमांड जपणाऱ्या बफरचा, घोळ मिटला. ऑफसेट (स्ट्रीममधली जागा) नेमका बफरच्या सीमेवर आला की विनाकारण फुल रीसिंक (सगळा डेटा नव्याने पाठवणं) व्हायचा, तो आता होत नाही. कनेक्शन तुटलं तरी रेप्लिका पार्शल रीसिंकवर (फक्त राहिलेल्या कमांड घेऊन) सावरते, आणि लॉगमध्ये ती ओळ आली की अजूनही बरं वाटतं. तो विषय इथेच बंद, कारण रेप्लिकाच्या मेमरीने सगळा वेळ खाल्ला.

लक्षणं आठवत असतीलच. प्रायमरीची मेमरी सपाट, रेप्लिकाची वर चढणारी, तीही एकसारखी नाही तर पायऱ्यापायऱ्यांनी. फुल रीसिंक केला की आलेख परत जागेवर. असा आलेख बघून कोणीही गळतीच (घेतलेली मेमरी परत न करणं) म्हणेल.

फ्रॅगमेंटेशन (मोकळी मेमरी तुकड्यांत विखुरणं) लगेच बाद झालं. ते असतं तर आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) एकटाच फुगला असता. इथे मेमरी वाटून देणाऱ्या जेमॅलॉक लायब्ररीचा ‘ॲलोकेटेड’ आकडाही बरोबरीने चढत होता. फोर्कनंतरच्या कॉपी-ऑन-राइटचाही (स्नॅपशॉटसाठी प्रोसेसची नक्कल काढल्यावर बदललेली पानं कॉपी होण्याचा) संबंध नाही, रेप्लिकावर स्नॅपशॉट बंदच आहेत. (ज्यांचे चालू आहेत त्यांनी ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (लिनक्सची मोठी मेमरी पानं) बंद आहेत ना ते आधी बघा. एक बाइट बदलला तरी ४ केबीऐवजी २ एमबीचं पान कॉपी होतं, मग बसा मेमरी शोधत.)

मग मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर लावला. तो गप्प. त्यात नवल नाही म्हणा, कारण त्याचा लीक शोधणारा भाग फक्त अनाथ ब्लॉक दाखवतो, ज्यांच्याकडे कुठूनच पॉइंटर जात नाही असे. आपले ब्लॉक डिक्शनरीत व्यवस्थित टांगलेले असणार. त्याच कामाच्या व्हॅलग्राइंडनेही तेच सांगितलं, फक्त फार सावकाश. पण त्या सावकाशीतच धागा मिळाला: व्हॅलग्राइंडखाली रेप्लिकाची मेमरी नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने चढत होती. तेवढाच ट्रॅफिक, प्रोसेस रखडत चाललेली, आणि गळती जास्त? खरी गळती कमांडच्या संख्येवर चालते. ही लॅगवर, म्हणजे रेप्लिका प्रायमरीच्या किती मागे आहे त्यावर, चालत होती.

इथे आरआर (प्रोग्रॅमची धाव नोंदवून ती उलटीही चालवणारा डीबगर) मिळालं असतं तर मजा आली असती. उलट दिशेने डीबग करणं एकदा हाताला लागलं की नेहमीचं जीडीबी मागासलेलं वाटायला लागतं. पण त्याला हार्डवेअरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात आणि भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ते बहुतेकदा मिळत नाहीत. म्हणून जेमॅलॉकचं हीप प्रोफाइल (कोणत्या कोडने किती मेमरी घेतली याचा हिशेब) घेतलं. ते बिल्ड करतानाच चालू करावं लागतं, पण त्या खटपटीचं चीज होतं. वाढलेली जवळजवळ सगळी मेमरी इन्क्र या आकडा एकने वाढवणाऱ्या कमांडने बनवलेल्या नव्या कीजची निघाली.

दोन्हीकडच्या कीजची यादी काढून फरक घेतला आणि एका कीचा टीटीएल (उरलेली मुदत) विचारला. प्रायमरी म्हणाली −२, म्हणजे की अस्तित्वातच नाही. रेप्लिका म्हणाली −१, म्हणजे की आहे आणि तिला मुदतच नाही. व्हॅल्यू १. पुढची की, तेच. त्याच्या पुढचीही तेच.

आपल्या टेस्टचा लोड रेट लिमिटरचा (युजरच्या विनंत्या मोजून मर्यादा घालणारा) आहे: इन्क्र करा, उत्तर १ आलं तर एक्सपायर, म्हणजे मुदत, लावा. आपण एक्सपायर रेप्लिकाला पाठवताना त्याचं पीएक्स्पायरॲट करतो, म्हणजे ‘इतक्या सेकंदांनी’ऐवजी ‘अमुक क्षणी’. वेळ ठरलेलीच आहे, मग डेल (की काढून टाकायची कमांड) कशाला पाठवा, दोन्ही बाजू आपापल्या घड्याळाने कीज काढतील, असं मूळ डिझाइन. आता समजा मुदत संपायला २ मिलिसेकंद असताना प्रायमरीवर इन्क्र आला. की जिवंत, व्हॅल्यू ७ची ८ झाली. तोच इन्क्र रेप्लिकावर ५ मिलिसेकंदांनी पोचला. तोवर रेप्लिकाच्या घड्याळाने की गेलेली, मग तिने कोरी की बनवली, व्हॅल्यू १, मुदत नाही. प्रायमरीवर उत्तर ८ आलं असल्यामुळे क्लायंट एक्सपायर पाठवणारच नाही. प्रायमरीवरची की थोड्या वेळाने गुपचूप जाते, रेप्लिकावरची कायमची राहते.

तोच युजर परत आला तर नवा पीएक्स्पायरॲट येतो आणि ती की, एक जास्त मोजून, शेवटी मरते. जे युजर परत फिरकत नाहीत त्यांच्या कीज साचतात. म्हणून चढ संथ, आणि लॅग वाढला की एक पायरी. एकाच मशीनवर दोन्ही प्रोसेस चालवल्या की घड्याळ एकच आणि लॅग नगण्य, त्यामुळे टेस्ट कायम हिरव्या.

उपाय रेडिसचाच उचलला: रेप्लिकाने मुदतीसाठी घड्याळ बघून काही काढायचं नाही. की संपली हे प्रायमरी ठरवणार आणि स्ट्रीममध्ये डेल घालणार. प्रायमरीकडून आलेल्या कमांडसाठी मुदत तपासायचीच नाही. वाचणाऱ्या क्लायंटला मात्र मुदत उलटलेली की ‘नाही’ म्हणूनच दाखवायची. रेडिसमध्येही वाचनाचा हा नियम ३.२ आवृत्तीपासूनच आला. लेझी एक्सपायरीत (कमांड कीला हात लावते तेव्हाच मुदत तपासून की काढणं) डेल आधी आणि ती घडवणारी कमांड नंतर, हा क्रम चुकवून चालत नाही. बदल लावून, मुद्दाम लॅग देऊन लोड सोडला. रेप्लिकाचा आलेख सपाट! बराच वेळ नुसता बघत बसलो.

आता या डेलची किंमत. टेस्टमधली नावं १२ बाइटची, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये एक डेल ३२ बाइट. १ एमबीच्या बॅकलॉगमध्ये अशा ३२,७६८ मावतात. एकाच वेळी मुदत संपणाऱ्या कीजची लाट आली आणि नेमकं तेव्हाच कनेक्शन तुटलं, तर इतक्या कष्टाने मिळवलेला पार्शल रीसिंक गेलाच. बॅकलॉग १६ एमबी करा असं लिहिणार होतो, पण लिहितालिहिता सुचलं: डेल एकापेक्षा जास्त नावं घेते. ॲक्टिव्ह एक्सपायरीच्या (मुदत संपलेल्या कीज आपणहून शोधून काढण्याच्या) एका फेरीत गेलेल्या कीज एकाच डेलमध्ये बांधल्या तर एका नावाचा खर्च १९ बाइटच्या आसपास येतो. आपला लूप एकाच थ्रेडवर आहे, त्यामुळे फेरी संपतानाच ती डेल स्ट्रीममध्ये गेली की क्रमाची भानगड नाही. आधी हे करतो, बॅकलॉगचा आकार नंतर.

लिस्टपॅकचं (छोट्या याद्या दाटीने साठवण्याचं) काम त्यामुळे पुन्हा मागे पडणार. कारण आणखी एक गोष्ट आता शक्य झाली आहे. आधी दोन्हीकडचा डेटा ताडून बघण्यात अर्थच नव्हता, दोन घड्याळं होती. आता ऑफसेट सारखा तर डेटाही सारखाच असायला हवा. म्हणून प्रत्येक कीचं नाव, व्हॅल्यू आणि मुदत यांचा हॅश (डेटावरून निघणारा ठरावीक लांबीचा आकडा) काढून सगळे हॅश एक्सॉर करणारी डायजेस्ट कमांड लिहायला घेतली आहे. एक्सॉरमुळे डिक्शनरीतला क्रम आड येत नाही. प्रायमरी क्षणभर राइट थांबवेल, रेप्लिका त्या ऑफसेटला पोचली की दोन्ही आकडे ताडायचे. लॅगसाठी मध्ये प्रॉक्सी बसवायचा विचार होता, तो सोडला. रेप्लिकातच डीबगचा डिले घालणं सोपं पडतं.

फेलओव्हर (प्रायमरी पडली की रेप्लिकाला तिची जागा देणं) अजून तपासलेला नाही. बढती मिळालेल्या रेप्लिकाने त्याच क्षणी एक्सपायरी स्वतःच्या हातात घ्यायला हवी, आणि लिंक आधीच बराच वेळ तुटलेली असेल तर मुदत उलटलेल्या कीजचा ढीग तिला पहिल्याच फेऱ्यांमध्ये उपसावा लागेल. त्या फेऱ्यांना वेळेची मर्यादा किती ठेवावी? तुमच्या सर्व्हरवर काय ठेवली आहे ते सांगा.