तुम्ही विचारलंत म्हणून: जुना स्मॅश खरंच जास्त चांगला होता का?

रविवारी दुपारी माझ्या भाच्याचे मित्र आमच्याकडे खेळायला जमतात. निंटेंडो या जपानी कंपनीचं स्विच हे गेमचं यंत्र टीव्हीला जोडलेलं असतं, 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' चालू असतो. मी हा गेम पार पहिल्या भागापासून खेळत आलेय हे कळलं की त्यांच्यातला एक तरी विचारतोच, "आत्या, जुना गेम खरंच जास्त चांगला होता, की तेव्हा तुम्ही लहान होतात म्हणून तसं वाटतं?" ऑफिसातल्या मुलांनीही हे मला विचारलंय. त्यांच्या वाचनात येतं की कोणी 1999 चा पहिला भाग डोक्यावर घेतो, कोणी 'मेली' या दुसऱ्या भागापुढे बाकी सगळं पाणी कम म्हणतो, कोणी 'ब्रॉल' या तिसऱ्या भागाची बाजू लावून धरतो. मग खरं कोणाचं? दरवेळी घाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

ज्यांनी हा गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मारिओ, पिकाचू, डाँकी काँग, झेल्डाच्या गोष्टीतला लिंक असे निरनिराळ्या गेममधले नायक इथे एका हवेत तरंगणाऱ्या मैदानावर एकमेकांशी भिडतात. इतर मारामारीच्या गेममध्ये वर एक पट्टी असते, मार खाल्ला की ती कमी होते, संपली की खेळ खल्लास. इथे पट्टी नाही. खाली टक्के असतात आणि मार बसेल तसे ते वाढतात. टक्के जितके जास्त, तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. पण शंभर झाले काय आणि दीडशे झाले काय, त्या आकड्याने कोणी मरत नाही. पडद्याच्या पार बाहेर फेकले गेलात किंवा खाली दरीत गेलात, तरच एक लाइफ जाते.

म्हणजे कड्यावरून बाहेर उडणं आणि लाइफ जाणं यांच्या मध्ये थोडा वेळ उरतो. दोन सेकंद, फार तर तीन. त्या वेळात हवेतल्या हवेत उडी मारून, आपली खास चाल वापरून, बोटाच्या टोकाने का होईना, कडा पकडून परत येता येतं. माझं सगळं म्हणणं या दोन-तीन सेकंदांबद्दल आहे.

आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. म्हाडाची जुनी इमारत, समोर मोकळी जागा, आणि त्या जागेत लगोरीपासून क्रिकेटपर्यंत सगळं. माझा दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, त्याचे मित्रही त्याच्याच वयाचे. त्यांच्यात मी कायम लिंबूटिंबू. मराठी घरात वाढलेल्यांना या शब्दातला सल वेगळा सांगायला नको. तुम्हाला खेळायला घेतात, पण तुमच्यावर राज्य येत नाही. तुम्ही आउट झालात तरी चालतं, कारण तुम्ही खेळत आहात असं कोणी धरलेलंच नसतं.

2004 साली बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडून आणला. दादाच्या एका मित्राने सीडी दिली, तिच्यावर निळ्या मार्करने नुसतं 'निंटेंडो' लिहिलेलं. निंटेंडो 64 हे यंत्र आमच्यापैकी कोणीही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅममुळे त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालायचे. त्या सीडीत पहिला स्मॅश होता. सुरुवातीला आठ जण निवडता येतात आणि चार लपवलेले असतात: लुइजी, कॅप्टन फाल्कन, नेस आणि जिग्लीपफ. दादाने लिंक घेतला. मी कर्बी घेतला, गुलाबी, गोल, कारण तो हवेतल्या हवेत पाचदा उडी मारू शकतो. दादाच्या लिंकला हवेत एकच उडी आणि वर फिरत जाणारी तलवार, बस. त्यामुळे एकदा बाहेर गेला की त्याचं परत येणं मुश्किल. मी मात्र फुगत फुगत, हळूहळू, परत यायचे. पहिल्याच आठवड्यात मी दादाला हरवलं. त्याच्या मित्रांसमोर. लिंबूटिंबू म्हणून नाही, तीन लाइफ राखून.

आता कीबोर्डची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. आमच्याकडे गेम खेळायचा एकच रिमोट होता, तो पाहुण्या मुलाला द्यायचा. दादा आणि मी एकाच कीबोर्डवर, तो उजवीकडे बाणांवर, मी डावीकडे. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीवर सगळी बटणं बसवलेली असतात, आणि काही ठरावीक बटणं एकदम दाबली की पुढचं बटण कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. दादाने धावता धावता तलवार चालवली की त्या क्षणी माझी उडी लागायची नाही. मी बटण दाबतेय, दाबतेय आणि कर्बी दगडासारखा खाली. पहिल्यांदा झालं तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा दादाला कारण कळलं.

त्यानंतर त्याने काय केलं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. माझा कर्बी पडद्याबाहेर गेला, भिंगासारख्या त्या छोट्या गोलात दिसायला लागला, आणि दादाने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. चक्क वर, पोलिसांनी 'हात वर' म्हटल्यासारखे. त्याचा लिंक मैदानाच्या मधोमध नुसता उभा. तिसरा भिडू त्याला बडवतोय, पण दादा हात खाली घेईना. मी एक, दोन, तीन, चार उड्या मारून कडा पकडला, तेव्हा कुठे त्याचे हात खाली आले. त्याचा मित्र म्हणाला, "बहिणीला सोडतोस काय?" दादा म्हणाला, "सोडत नाही. कीबोर्डमुळे मेली तर तो माझा पॉइंट नाही." आणि लगेच मला परत बाहेर फेकलं, नीट, हात खाली ठेवून.

म्हणून कोणी विचारलं की पहिला भाग चांगला होता का, तर मी लगेच हो म्हणते. तो हळू आहे, त्यात हवेत फटका चुकवता येत नाही, चालीही मोजक्या आहेत. हे सगळं मला दिसतं. पण त्याच्या मुळाशी जो विचार आहे तो मला फार मोलाचा वाटतो. मासाहिरो साकुराई यांनी हा गेम घडवला. गेमिंग पार्लरमध्ये एका अनोळखी जोडप्याला आपण सपाटून हरवलं, मग ते अगदी नवशिके होते हे कळलं आणि वाईट वाटलं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. नवख्यालाही जागा राहील असा मारामारीचा गेम त्यांना करायचा होता. हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीतले त्यांचे वरिष्ठ सातोरू इवाता यांनी फावल्या वेळात, शनिवार-रविवारी बसून त्याचं प्रोग्रॅमिंग केलं. पहिल्या नमुन्यात मारिओ-बिरिओ कोणी नव्हते, साधे बिनचेहऱ्याचे पुतळे होते. इवाता पुढे निंटेंडोचे अध्यक्ष झाले आणि जुलै 2015 मध्ये गेले. ती बातमी वाचून मी दादाला फोन केला होता. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

'मेली' माझ्या वाट्याला उशिरा आला. तो निघाला नोव्हेंबर 2001 मध्ये, निंटेंडोच्या गेमक्यूब या यंत्रावर. मी पाहिला कॉलेजात असताना, मुलुंडला, मैत्रिणीच्या मावसभावाने दुबईहून आणलेल्या यंत्रावर. टीव्ही जुना, मागे कुबड असलेला. 'मेली' खेळणारे अजूनही तसेच टीव्ही जपून ठेवतात, कारण नव्या टीव्हीवर बटण दाबणं आणि चित्र हलणं यांत किंचित फरक पडतो आणि या गेमला तेवढाही फरक चालत नाही. सेकंदाला साठ चित्रं. हवेतून फटका मारत खाली येताना जमिनीला टेकायच्या आधीच्या सात चित्रांच्या आत बटण दाबलं, तर सावरायला लागणारा वेळ निम्मा होतो. हवेतून तिरकं जमिनीत घुसवलं की खेळाडू लाटेवरून घसरल्यासारखा सरकतो, त्याला वेव्हडॅश म्हणतात. अवघ्या तेरा महिन्यांत बनवलेला गेम, त्यात लोकांना वीस वर्षं नवनवीन सापडत राहिलं.

आणि त्या दोन-तीन सेकंदांचं काय? 'मेली'त ते सगळ्यात क्रूर आहेत. समोरच्याने तुमच्या आधी कडा पकडला, तर तुम्हाला तो पकडता येत नाही. तुम्ही त्याच्या पायाखालून सरळ दरीत. लहानपणी आम्ही याला रडीचा डाव म्हणायचो. पण खेळून खेळून कळतं की हा रडीचा डाव नाही. परत येणाऱ्यालाही चार वाटा असतात आणि अडवणाऱ्याला त्यातली एक ओळखायची असते. 'मेली'चे जुने खेळाडू त्याच्याविषयी इतके हळवे का होतात, हे मला तिथे कळलं. त्यांना प्रत्येक परतणं कमवावं लागलंय.

2013 साली एव्हो या लास वेगासच्या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत आणखी एका गेमसाठी एकच जागा उरली होती. ज्या गेमचे चाहते स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी सर्वांत जास्त देणगी गोळा करतील, त्याला ती जागा. 'मेली'वाल्यांनी 94 हजार डॉलरहून जास्त जमवले. तोवर गेम निघून अकरा वर्षं उलटली होती. निंटेंडोने सामने नेटवर दाखवायला आधी नकार दिला, मग त्याच दिवशी निर्णय फिरवला. मी ते सामने पाहायला रात्रभर जागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे उघडत नव्हते, पण त्याचं काही वाटलं नाही.

'ब्रॉल'वर जुने लोक फार तुटून पडतात. 2008 चा, वी या यंत्रावरचा. धावताना खेळाडू मध्येच आपोआप ठेच लागून पडायचा, तेही नशिबाने, ते मलाही पटलं नाही. कड्याजवळ आलात की हात आपसूक चिकटायचा, हवेत कितीदाही फटका चुकवता यायचा. म्हणजे परत येणं सोपं झालं आणि ते दोन-तीन सेकंद सैल पडले. माझी तक्रार एवढीच. पण माझ्या मावसबहिणीचा तो पहिला स्मॅश. स्नेक आणि सॉनिक, म्हणजे निंटेंडोबाहेरचे दोघे, पहिल्यांदा त्यात आले. त्यातली लांबलचक गोष्ट तिने आणि तिच्या बाबांनी दिवाळीच्या सुट्टीत जोडीने पुरी केली होती. गेम उघडल्यावरचं ते लॅटिन शब्दांचं समूहगान लागलं की तिचा आवाज आजही बदलतो. तिला मी काय म्हणून सांगू की तुझा भाग कमी होता?

तर पोरांनो, आठवणीने गेमला सोन्याचा मुलामा दिलाय असं मला नाही वाटत. आठवण मुळात त्या गेममध्येच घडली. पट्टी संपून हरणाऱ्या खेळात जीव टांगणीला लागायला जागाच नसते. इथे चौघं जण एकाच पडद्याकडे बघत, चहा हातात तसाच धरून, एका पडणाऱ्यासाठी श्वास रोखतात, त्यातले तिघं तर त्याचे वैरी. ते तुमच्या 'अल्टिमेट'मध्येही आहे. 89 खेळाडू झाले, कड्याचे नियम बदलले, आता मागून आलेला आधीच्याला कड्यावरून हुसकावतो, तरी ते आहे. फक्त तो खेळ एका खोलीत बसून खेळायला हवा. एकेकटे ऑनलाइन खेळता तेव्हा तुमच्यासाठी हात वर करणारं कोणी नसतं.

मागच्या रविवारी भाच्याचा कर्बी बाहेर गेला. होय, त्यानेही कर्बीच घेतलाय, मी काही शिकवलं नव्हतं. पाचही उड्या घाईघाईत मारून टाकायची त्याला सवय आहे. दादा मागे खुर्चीत पेपर वाचत बसला होता. गेली कित्येक वर्षं तो खेळलेला नाही. त्याने पेपर खाली घेतला. "थांब," तो म्हणाला, "आत्ता नको. पडू दे अजून. पडू दे." मुलं गप्प झाली. कर्बी गोलात, खाली, आणखी खाली.

"आता मार."