तुम्ही विचारलंत म्हणून: भिंत समजली, पण पाणी कंप्युटरमध्ये कसं घालता?

धरणांच्या भूकंप-विश्लेषणाचं काम करतो म्हटलं की साताऱ्याकडचे पाहुणे हमखास कोयनेवर येतात. मग ठरलेला प्रश्न: "भिंत काढता येत असेल हो, पण मागचं पाणी कंप्युटरमध्ये कसं घालता?" नेमकं विचारता तुम्ही. भिंतीपेक्षा पाणीच जास्त छळतं.

साठलेल्या पाण्याचा दाब शाळेतही शिकवतात. भूकंपात मात्र भिंत पाण्याला ढकलते, पाणी भिंतीला ढकलतं, त्यानं भिंतीची हालचाल बदलते आणि ती बदलली की दाबही बदलतो. दोघांपैकी आधी कोणाचं गणित मांडायचं?

1933 मध्ये हॅरॉल्ड वेस्टरगार्ड या अभियंत्यानं यावर झकास तोड काढली. पाण्याचं गणित करूच नका. भिंतीलाच जादा वस्तुमान चिकटवा. किती जाड थराचं? पाण्याची एकूण खोली गुणिले त्या जागेची पृष्ठभागापासूनची खोली, त्याचं वर्गमूळ, आणि त्याचे 7/8. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा भिंतीमागे सुमारे 92 मीटर पाणी होतं. या सूत्रानं तळाशी 80 मीटर जाडीचा पाण्याचा थर भिंतीबरोबर हलतो असं धरायचं, 23 मीटर खोलीवर 40 मीटरचा. वहीच्या पानावर उरकणारं काम.

कोयना या क्षेत्रात जगभर पाठ आहे. भूकंपाची नोंद धरणातच बसवलेल्या यंत्रानं केली, आणि 103 मीटर उंच भिंतीला भेगा कुठे गेल्या तेही माहीत आहे: पाण्याच्या उलट बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर. आपलं गणित भेग तिथेच दाखवतं का, हे लोक तपासून बघतात. पाटण तालुका नकाशावर दाखवता येणार नाही अशा परदेशी विद्यार्थ्यांनाही ती भेग ठाऊक असते.

पण वेस्टरगार्ड यांनी भिंत वाकतच नाही असं धरलं होतं, आणि त्यांच्या सोप्या सूत्रात पाणी दाबलंही जात नाही. प्रत्यक्षात पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1440 मीटर जातो. याला खोलीच्या चौपटीनं भागा: 92 मीटर पाण्याची स्वतःची कंपनं सेकंदाला 4 च्या आसपास येतात. कोयनेच्या भिंतीची, पाणी न धरता, सुमारे 3. इतके जवळचे आकडे असले की पाण्याला नुसतं ओझं मानून भागत नाही. अनिल चोप्रा या अभियंत्यानं 1960 च्या दशकापासून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात हेच गणित नीट मांडलं.

मग कंप्युटरमध्ये भिंतीसारखेच पाण्याचेही लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकातला दाब काढावा लागतो. इथे पहिली अडचण म्हणजे जलाशय संपतो कुठे? कोयनेचा शिवसागर जलाशय मैलोनमैल पसरलेला. सगळा घेणं परवडत नाही. मधेच कापून तिथे भिंत मानली, तर दाबलहरी तिच्यावर आपटून परत येतात आणि खऱ्या धरणावर खोटा मार बसतो. म्हणून त्या कडेला लहर गिळून टाकणारी अट घालतात. तळाचा गाळही थोडी लहर शोषतो. किती शोषतो, तो आकडा बहुतेक वेळा अनुभवानं ठरवायचा, आणि बैठकीतले वाद निम्मे त्यावरच होतात.

उरली जोडणी. द्रवाचा प्रोग्रॅम वेगळा, भिंतीचा वेगळा. एकानं दाब सांगायचा, दुसऱ्यानं हालचाल, आळीपाळीनं. विमानाच्या पंखाला हे चालतं, कारण हवा हलकी. रक्त आणि धमनी यांची घनता मात्र जवळपास सारखीच, तिथे एकेकदाच निरोप दिला की उत्तर भडकतं, म्हणजे आकडे बेसुमार वाढत जातात. आपण म्हणतो, काळाचे टप्पे बारीक करू. तर ते आणखी लवकर भडकतं! इलाज दोनच: प्रत्येक टप्प्यावर दोघांचं जमेपर्यंत पुन्हापुन्हा निरोप फिरवायचे, नाहीतर दोघांची समीकरणं एकाच मोठ्या मांडणीत घालून एकदम सोडवायची. दुसरा मार्ग मला आवडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सहसा नाही.

धरणाच्या कामात मी अजूनही आधी वेस्टरगार्ड करून ठेवतो. मोठ्या मॉडेलचं उत्तर त्याच्यापासून फारच लांब गेलं, तर पहिल्यांदा पाणी कुठे कापलंय ते बघतो.