शेपटीचं पांढरं टोक

"अगं बाई, केवढी ही घूस!" गेल्या मे महिन्यात मेलबर्नला यारा नदीकाठी फिरताना आई एकदम थबकली. दिवेलागणीची वेळ, पाणी काळंभोर, आणि काठाला पडलेल्या ओंडक्यावर ओलंचिंब, तपकिरी असं काहीतरी चढून बसलं होतं.

मी म्हटलं, "आई, शेपूट बघ." जाडजूड, केसाळ शेपूट आणि टोकाला चारेक बोटं पांढरंशुभ्र, चुन्यात बुडवून काढल्यासारखं. घुशीचं शेपूट असं नसतं. ही राकाली, ऑस्ट्रेलियाचा अस्सल देशी पाणउंदीर.

अंगाने मात्र ती घुशीच्या तोडीची. पूर्ण वाढलेला नर एक किलोच्या पुढे जाऊ शकतो. नुसतं डोकं आणि धडच फूटभर भरतं, शेपूट जवळपास तेवढंच वेगळं. चपटं डोकं, इवलेसे कान, भरघोस मिशा, मागच्या पायांच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे. पोटाकडचे केस पुष्कळदा सोनेरी-नारिंगी असतात. हायड्रोमिस क्रिसोगॅस्टर या शास्त्रीय नावाचा अर्थच सोनेरी पोटाचा पाणउंदीर.

तिच्या पुढच्या पायांत एक यॅबी होता. यॅबी म्हणजे इथला गोड्या पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा झिंगा. ती त्याला फिरवून फिरवून कुरतडत होती. कडाकड आवाज आमच्यापर्यंत येत होता. आई कोकणातली. म्हणाली, "अगदी कुर्ली खाल्ल्यासारखं खातेय गं!" मासे, शिंपले, खेकडे हेच तिचं मुख्य अन्न. पाण्यात पकडायचं आणि ठरलेल्या दगडावर किंवा ओंडक्यावर आणून खायचं. तिथे साठलेला कवचांचा ढीग ही तिची ओळख. उत्तरेकडे तर राकाली केन टोड या विषारी बेडकालाही उताणा करून नेमकं काळीज आणि यकृत काढून खाते. विषाच्या ग्रंथी शिताफीने टाळते.

इथे देशी उंदरांच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण ओळखतो ते काळे-तपकिरी उंदीर युरोपियनांच्या गलबतांतून आले. राकाली त्यांच्या लाखो वर्षं आधीची. तरी 'वॉटर रॅट' या नावापायी तिला उपद्रवी ठरवलं गेलं. १९३०च्या दशकात तिच्या मऊ कातड्याचे कोट शिवले जात. १९९०च्या दशकात न्गारिंजेरी या इथल्या आदिवासी लोकांच्या भाषेतलं राकाली हे नाव मुद्दाम पुढे आणलं गेलं. मला ते फार मोलाचं वाटतं. उंदीर म्हटलं की माणूस आधी विष शोधतो.

तिचा मोठा घात करतात ती यॅबी पकडायची बंदिस्त जाळी. यॅबीच्या वासाने ती आत शिरते, बाहेर पडायची वाट सापडत नाही आणि काही मिनिटांत गुदमरून मरते. प्लॅटिपस या बदकासारख्या चोचीच्या पाणप्राण्याचीही हीच गत. व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०१९पासून या जाळ्यांवर बंदी घातली. तरीही एखादं जुनं जाळं कुणाच्या गॅरेजमध्ये दिसलं की माझा जीव खालीवर होतो. शेजाऱ्यांकडे होतं, ते मी मागून घेतलं आणि कात्रीने कापून टाकलं.

आई परत रत्नागिरीला गेली. दर रविवारी फोनवर माझी खुशाली विचारून झाली की म्हणते, "आणि ती पांढऱ्या टोकाची? दिसली का?" या आठवड्यात ती दिसली नाही. पण ओंडक्यावर शिंपल्यांची ताजी, ओली कवचं होती. तेच सांगितलं.