आन् मी कुठं बसू?

गाडी दारात उभी केली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आन् मी कुठं बसू?"

मागच्या सीटच्या जागी रेक्झिनचा फुगवटा होता, लालकंधारी बैलाच्या वशिंडासारखा. तिथं पदर टेकवायलाही जागा नव्हती.

गाडी मूळची २००९ ची स्प्लेंडर, ९७.२ सीसी. परभणीतल्या एका पोरानं कॉलेजात असताना तिची कॅफे रेसर केली. हँडल खाली घेतलं, फूटरेस्ट मागं सरकवले, मडगार्ड कापले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या हिशेबानं बरीच जमली होती. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. बावीस हजार मागत होता, अठरावर जमलं. पहिल्याच किकला चालू झाली म्हणून मी खूश. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवतो, किक मारण्याअगोदर हात लावून बघायचा असतो, ही अक्कल मेकॅनिकनं नंतर दिली. दुसऱ्या दिवशी गार इंजिनानं अकरा किका खाल्ल्या.

कॅफे रेसर ही जात इंग्लंडची. १९५०-६०च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेवर पोरं जमायची. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून, गाणं संपायच्या आत ठरल्या खुणेपर्यंत जाऊन परत यायची, अशी दंतकथा आहे. ताशी शंभर मैल गाठले की झाला 'टन'. म्हणजे एकशे साठ किलोमीटर! माझी पंच्याऐंशीलाच आरशांसकट थरथरते. पोट टाकीवर, सगळा भार मनगटांवर. परभणीहून निघालं की झरीपर्यंत आपण रेसर असतो, बोरी येईस्तोवर मान धरलेली असते.

ते चालतं. चालत नाही ते वशिंड. आपल्याकडं मोटारसायकल एकट्याची कधी होती? टाकीवर लेकरू, मागं बायको, मधे दुसरं लेकरू, वर बाजाराची पिशवी. फाट्यावरचा माणूस हात करतो तो विनंती म्हणून थोडाच, हक्कानं करतो. माझी गाडी दिसली की हात वर जातो, वशिंड दिसतं, हात अर्ध्यातच राहतो. दरवेळी काहीतरी खाऊन कुणाला न विचारल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे आरसीवर आसनक्षमता दोनच लिहिलेली. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा तपासणीसाठी मूळची लांब सीट आणून बसवली. शिक्का मिळाला त्या संध्याकाळी आईला मारुतीला नेऊन आणलं. कायद्याला काय हवं असतं ते तिला आधीच माहीत होतं, एवढंच.

सीट काढून पुन्हा वशिंड लावलं. (हौस ती हौस.)

परवा बोरीच्या पुढं एका म्हाताऱ्या आबांनी हात केला. थांबलो. त्यांनी मागं वाकून पाहिलं.

"सीट चोरीला गेली का, मास्तर?"

"नाही आबा, अशीच असती."

"बरं मग पिशवी तरी न्या. जिंतूरच्या स्टँडसमोर नातू हुबा हाय."

हुरड्याची कणसं होती, ओली, जड. पिशवी टाकीवर पोटाशी घेतली आणि खाली वाकताच येईना. ताठ बसून, कोपरं बाहेर काढून, चाळीसच्या वर न जाता जिंतूर गाठलं.

नातवानं पिशवी घेतली आणि माझ्या पाठीमागं डोकावलं.

"आबा कुठंयत?"