हिरवळीवरचा सोनचिखल्या

होनोलुलूतील आमच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सोनचिखल्या पक्षी परतला. हे त्याचे सलग चौथे वर्ष. डाव्या पायाच्या तीन बोटांपैकी मधले अर्धे तुटलेले असल्यामुळे दुर्बिणीतून तो लगेच ओळखू येतो. चार पावले तुरुतुरु धावायचे, एकदम थबकायचे, मान तिरकी करून गवताकडे पाहायचे आणि चोचीने गांडूळ तुटू न देता हळूहळू ओढून काढायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. दुसरा सोनचिखल्या हद्दीत उतरला, तर हा मान खाली घालून त्याच्यावर धावून जातो. उरणच्या चिखलात हाच पक्षी पाहिलेल्या मला त्याचे हे ‘चिखल्या’ नाव येथे थोडे विनोदी वाटते.

हवाईत त्याला कोलेआ म्हणतात. अलास्कातील टुंड्रात पिल्ले वाढवून तो सुमारे ४,८०० किलोमीटरचा समुद्र तीन-चार दिवसांत, कोठेही न थांबता ओलांडतो. बोटांना पडदे नसल्याने पाण्यावर बसून विसावा घेण्याची सोयही त्याला नाही. त्याहून मला थक्क करतात ती पिल्ले. आईबाप आधीच निघून गेलेले असतात आणि ही त्या वर्षी जन्मलेली पाखरे काही आठवड्यांनी, वाट दाखवायला कोणी नसताना, महासागरातील ही ठिपक्याएवढी बेटे शोधून काढतात.

होनोलुलूतील पंचबोल येथील सैनिकी दफनभूमीत संशोधक जॉन्सन यांनी अशा पक्ष्यांच्या पायांत कडी घालून नोंदी ठेवल्या. थडग्यांमधल्या गवताच्या त्याच तुकड्यावर तेच पक्षी वर्षानुवर्षे परतत असल्याचे त्यांतून दिसले.

‘खाऊन गुबगुबीत झाला की कोलेआ काहिकीला परततो,’ अशी येथे एक म्हण आहे. काहिकी म्हणजे समुद्रापलीकडचा परका मुलूख. बाहेरून येऊन, पैसा गाठीशी बांधून निघून जाणाऱ्यांना उद्देशून ती वापरतात. शेजारच्या हवाईयन आजींनी ती मला ऐकवली आणि त्या मिस्कील हसल्या. तेव्हा मला येथे नोकरीला येऊन अकरा वर्षे झाली होती.

एप्रिलमध्ये त्याचा चेहरा आणि पोट काळेभोर होते, कडेने पांढरी पट्टी उमटते आणि अंग चरबीने जड होते. महिनाअखेरीस एके सकाळी तो दिसेनासा होतो. मग ती हिरवळ साळुंक्यांची. पिकांवरच्या अळ्यांसाठी १८६५ मध्ये भारतातून आणलेल्या त्या साळुंक्या मात्र कायमच्या येथल्याच झाल्या आहेत.